तुळसाची कटकट

सोलापुरातल्या निलव्वा बिराजदारच्या भाकरी केंद्रात कामाची यादी म्हणून काही नव्हतीच. तुळसा होती.

बावीस बायका, अठरा विजेच्या चुली आणि दिवसाला चार हजार कडक भाकरी. यंत्रानं थापलेली भाकरी वाळताना तडकते, म्हणून सगळं जग यंत्रावर गेलं तरी भाकरी हातावरच राहिली होती. पण हातांना सांगणारं एक डोकं लागतं. ज्वारी कधी दळायला टाकायची, कुठली चळत वाळली, कुठली अजून ओली आहे, शेंगा भाजायला कोण बसणार, पुण्याची खोकी कुठल्या गाडीनं जाणार, हे सगळं तुळसाच्या डोक्यात असायचं, आणि डोक्यात आलं की थेट तोंडात. सकाळी सातला उंबरा ओलांडायच्या आधीच तिचं सुरू.

"पीठ चाळलं का गं? कलावती, तुझ्या चुलीचं बटण काल पेटत नव्हतं, सांगितलंस का कुणाला? आणि ते कोल्हापूरचं खोकं अजून हितंच? ते काय पायानं चालत जाणार हाय का?"

बायका हसायच्या, वैतागायच्या, पाठीमागं तिची नक्कल करायच्या. पण काम व्हायचं.

निलव्वा मालकीण. वय चौसष्ट, शाळा दुसरीपर्यंत, आणि जीभ अशी की कुरिअरवाला तिच्या दारात चपला सरळ लावून ठेवायचा. चाळीस वर्षांपूर्वी तिनं आणि तुळसानं मिळून एका तव्यावर हे सुरू केलं होतं. निलव्वाचा नवरा असून नसल्यासारखा होता, तुळसाचा उरलाच नव्हता आणि पोरबाळही नव्हतं. पाटीवर नाव निलव्वाचं लागलं, कारण तुळसा म्हणाली होती, "माझं नको. पाटी पडंल का काय म्हणून माझा जीव टांगणीला."

दोघींची भांडणं व्हायचीच. पण एक रीत होती. ज्या दिवसाचं भांडण त्याच दिवशी मिटवायचं. जिचा शब्द जास्त लागला तिनं दिवेलागणीच्या आत दुसरीच्या दारात जायचं. माफीबिफी मागायची नाही. नुसतं जाऊन बसायचं आणि म्हणायचं, चहा टाक. "शिळी भाकरी विकून पोट भरतो आपण," निलव्वा म्हणायची, "पण भांडण शिळं ठेवायचं नाही." शब्द बहुतेक वेळा तिचाच जास्त लागायचा, म्हणून चाळीस वर्षांतला बहुतेक चहा तुळसाच्याच घरी झाला होता. दोन गल्ल्या पलीकडं, चार मिनिटांची वाट.

त्या वर्षी गड्ड्याच्या जत्रेच्या तोंडावर तुळसा तापानं आडवी झाली. आठ दिवस केंद्रात शांतता होती आणि आठ दिवसांत केंद्राची अब्रू गेली. एका मठाच्या पंगतीसाठी तीन हजार भाकरी गुरुवारी पोचायच्या होत्या, त्या पोचल्या शुक्रवारी. प्रत्येकीला वाटलं, दुसरीनं सांगितलं असेल. पंगत नुसत्या भातावर उठली. मठाचे स्वामी काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं झालं असतं, निलव्वाला उलटून बोलता तरी आलं असतं.

"आत्या," सून समृद्धी म्हणाली. शिकलेली, शांत पोर. केंद्राचा बाहेरचा सगळा कारभार तिच्याकडं. "एका माणसाच्या तापावर केंद्र चालवायचं का? काहीतरी साधन घेऊ या. सगळेच घेतात आता."

"घे की. पण बघून घे. मिक्सर घेतलास तसं नको, चटणी करायला गेले आणि लापशी झाली."

समृद्धीनं तीन साधनं आणून दाखवली. पहिला, भिंतभर पडदा. त्यावर सगळी कामं दिसायची, झालेलं काम बोटानं बाजूला सारायचं. बावीस बायकांचे हात पिठात. अर्ध्या दिवसात पडद्याची काठवट झाली. दुसरं, मनगटावरचं बोलकं घड्याळ. बावीस घड्याळं एकदम बोलायला लागल्यावर निलव्वानं कानावर हात ठेवले. "एक तुळसा चाळीस वर्षं सोसली. बावीस कुठनं सोसू?"

तिसरी होती पट्टी. नखाएवढी, कातडीच्या रंगाची, कानामागच्या हाडावर चिकटवायची. नाव होतं 'निवांत'. ती समजावून सांगायला कंपनीची एक बाई स्वतः आली. आधी तिनं चटणीबरोबर दोन भाकरी खाल्ल्या, म्हणून निलव्वानं तिला बसू दिलं.

"चुलीवर दूध ठेवून तुम्ही बाहेर बोलत बसलात," कंपनीची बाई म्हणाली, "तर काय होतं?"

"उतू जातं," तुळसा म्हणाली.

"त्याच्या आधी?"

"आधी जीव थाऱ्यावर राहत नाही. बोलणं तोंडावर, मन चुलीपाशी."

"तेच, मावशी. तेच आम्ही काढून घेतो."

मग तिनं सांगितलं ते असं. अर्धवट राहिलेलं काम मेंदू सोडून देत नाही. कपाळामागच्या काही पेशी ते राखेखालच्या निखाऱ्यासारखं जपतात. थोड्या थोड्या वेळानं त्यावर फुंकर बसते, निखारा चमकतो आणि माणसाला टोचतं: दूध, दूध. दिवसभर एकेका डोक्यात असे चाळीस-पन्नास निखारे असतात. संध्याकाळी आपण दमतो ते कामानं कमी आणि या टोचणीनं जास्त. पट्टी ती चमक हाडामधून पकडते. मनातल्या मनात आपण जे पुटपुटतो त्यानं घसा अगदी बारीक हलतो. त्यावरून कुठलं काम ते वाचते आणि यादीत टाकते. मग चमकेच्या बरोबर उलटी अशी एक लहर सोडते. लाटेवर उलटी लाट आली की पाणी सपाट होतं, तसं. निखारा विझतो. कामाची वेळ झाली, माणूस मोकळा झाला, की पट्टीच तो परत पेटवते.

"काम विसरत नाही," ती म्हणाली. "फक्त टोचत नाही."

"आधीचं कुठलं, मागाहूनचं कुठलं, ते कोण ठरवतं?" निलव्वानं विचारलं. प्रश्न मालकिणीचा होता.

"ते ती तुमच्याकडूनच शिकते. तुम्ही रोज जे आधी करता, ते ती आधी ठेवते."

तुळसा पुढं सरकली. "आणि दूध गिऱ्हाइकाचं का घरातल्या लेकराचं, ते कळतं का हिला?"

कंपनीच्या बाईला हसू आलं. "निखारा तो निखारा, मावशी. त्याला घरचं-दारचं नसतं."

"मग मला नको बाई. माझं डोकं आहे तसं बरं आहे."

"तुझं डोकं बरं असतं तर पंगत भातावर उठली नसती," निलव्वा म्हणाली, आणि पट्टी स्वतः आधी लावून घेतली. केसांची बट पुढं घेतली, झाकून टाकली. मालकिणीनं लावल्यावर बाकीच्या एकवीस जणींमधल्या वीस जणींनी लावली.

तिसऱ्या दिवसापासून केंद्र असं चालायला लागलं की निलव्वा खुर्ची टाकून नुसती बघत बसायची. कुणी कुणाला हाक मारत नव्हतं. शेंगा भाजायच्या वेळी एक जण उठायची आणि बसायची. चळती वाळल्या की दोघी जणी जाऊन उलटायच्या. खोकी गाडीच्या आधी दारात. थाप-थाप-थाप, एवढाच आवाज. बायकांच्या कपाळावरच्या आठ्या गेल्या. कलावतीची पोर दोन वर्षांपूर्वी घरातनं निघून गेली होती, कुठं आहे, कशी आहे, काही ठाव नव्हता. कलावतीच्या भाकरीला तेव्हापासून कडेनं भोकं पडायची. ती आता गोल, एकसारख्या भाकऱ्या करायला लागली. गुणगुणायला लागली.

"बघ," निलव्वा तुळसाला म्हणाली, "तुझ्या तोंडानं चाळीस वर्षांत जमलं नाही ते नखाएवढ्या पट्टीनं केलं."

तुळसानं सवयीनं विचारलं, "पीठ चाळलं का गं?" आणि कुणीच उत्तर दिलं नाही. पीठ चाळलेलं होतं. असं रोज व्हायला लागलं. ती विचारायची, उत्तर मिळायचं नाही, कारण विचारण्यासारखं काही उरलंच नव्हतं. ती हळूहळू कोपऱ्यातल्या उखळापाशी बसायला लागली. चटणी कांडायची आणि कांडता कांडता एकेकीकडं बघायची, जत्रेत चुकलेलं माणूस ओळखीचा चेहरा शोधतं तशी.

सात महिने गेले. एका सोमवारी सकाळी तुळसानं उखळ सोडलं आणि कलावतीसमोर जाऊन उभी राहिली.

"आज तुझ्या पोरीचा वाढदिवस ना गं?"

"व्हय की," कलावती म्हणाली. भाकरी थापत राहिली. "यादीत हाय. संध्याकाळी दिवा लावायचाय."

तुळसा निलव्वाकडं वळली. "निले, हे बरं नाही. हिची पोर घरात नाही आणि ही गाणं म्हणतेय. मागच्या वर्षी आजच्या दिवशी हिला धरून बसवावं लागलं होतं. तुमच्याशी बोलायचं म्हणजे भिंतीशी बोलायचं झालंय."

"मग नको बोलूस. तिला रडू येत नाही तर तुझं काय जातं? तिला रडवायला येतेस का कामाला?"

"मी कशाला येते ते तुला ठाऊक नाही?"

बायका थापायच्या थांबल्या नाहीत. निलव्वाला मात्र सगळ्यांसमोर विचारलेलं सोसलं नाही. तिची जीभ सुटली. "तुझ्या कटकटीवर केंद्र चालायचं ते दिवस गेले, तुळसे. आता तू आलीस काय आणि नाही आलीस काय, चार हजार भाकरी होतातच."

तुळसानं हात धुतले, पदराला पुसले, आणि भर सकाळी अकराला केंद्रातून निघून गेली. चाळीस वर्षांत ती असं कधी गेली नव्हती.

ती दाराबाहेर पडली तसं निलव्वाच्या छातीत बारीक कळ आली. जास्त बोललो आपण. संध्याकाळी जायला पाहिजे, चहाला. हे तिनं मनात म्हटलं मात्र, कानामागं कोमट वाटलं, आणि कळ निघून गेली. जशी काही आलीच नव्हती.

संध्याकाळी पुण्याची खोकी बांधायची होती. मंगळवारी तुळसा आली नाही. यादीनं तिची चटणी दोघींत वाटून टाकली, कुणाला काही सांगावं लागलं नाही. बुधवारी ज्वारीचा नवा माल बघायचा होता. निलव्वा तीन दिवस वेळेवर जेवली, वेळेवर झोपली. गुरुवारी दुपारी एका लग्नाचं काम पुढं गेलं आणि चार ते पाच असा एक तास मोकळा पडला. तेव्हा कानामागं कोमट झालं आणि आत चमकलं: तुळसाकडं जायचंय.

ती निघाली. घाई नव्हती. वाटेत पेरू चांगले दिसले म्हणून अर्धा किलो घेतले, दाबून दाबून.

दाराला आतून कडी होती. दोन हाका मारल्या, तिसरी मोठ्यानं मारली. शेजारची विमल बाहेर आली. दोघींनी मिळून धक्के दिले तेव्हा जुनी कडी निखळली.

तुळसा न्हाणीच्या उंबऱ्यावर पडली होती. अर्धी आत, अर्धी बाहेर. डोळे उघडे होते आणि ओठ फुटले होते. हातात पितळी पेला होता. ओट्यावर आधणाचं भांडं होतं, पाणी आटून तळाला पांढरं झालेलं, आणि शेजारी दोन कप मांडलेले.

"सोमवारी संध्याकाळपासून भिंतीवर ठकठक येत होती, अव्वा," विमल म्हणाली. तिचा हात कानामागं गेला. तिनं दोन वर्षांपूर्वीच पट्टी घेतली होती, शिवणाच्या कामासाठी. "मी म्हटलं, बघायला पाहिजे. माझ्या यादीत हाय अजून."

दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, खुबा मोडलाय, पण ते दुय्यम. तीन दिवस पाणी नाही. मूत्रपिंडं बंद पडत चाललीत. या वयात फारशी आशा धरू नका.

बाहेरच्या बाकड्यावर निलव्वानं समृद्धीला सांगितलं, "माझी यादी काढ. तुळसाची ओळ वाच."

"राहू दे ना, आत्या."

"वाच म्हणते ना. मला येत असतं तर तुला सांगितलं असतं का?"

समृद्धीनं वाचलं. किराणा वाचावा तसं सपाट वाचलं. पट्टी तिच्याही कानामागं होती. "तुळसाकडे जाणे. सोमवार, अकरा वाजून दहा मिनिटं. सोमवारी साडेसहाला पुढे ढकललं, कारण पुण्याची खोकी. सोमवारी साडेसातला पुढे ढकललं, कारण जेवण. मंगळवारी सकाळी पुढे ढकललं, कारण शेंगा..."

"किती वेळा?"

"तेवीस."

"कुणी ढकललं?"

समृद्धी म्हणाली, "ती तुमच्याकडूनच शिकते, आत्या. तुम्ही कायम केंद्राचं आधी करता."

ते खरं होतं. पण पूर्वीही निलव्वा केंद्राचंच आधी करायची, आणि तरीही दिवेलागणीच्या आत तुळसाच्या दारात असायची. कारण तोवर तिला सुचायचं नाही. हातून भाकरी करपायची, तोंडातला घास फिरायचा. कामं संपायची म्हणून ती जात नव्हती. राहवत नव्हतं म्हणून जात होती. ते न राहवणंच निलव्वानं पैसे मोजून काढून टाकलं होतं.

शनिवारी सकाळी तुळसा शुद्धीवर आली. आवाज कागदासारखा झाला होता.

"निले."

"आहे. हितंच आहे."

"मला ठाऊक होतं तू येणार. पडल्या पडल्या मी तेच म्हणायची. निलीला आज घास जायचा नाही. बोलून बसलीय, आता जीव खात असंल स्वतःचा. येईल." तिनं दम खाल्ला. "पेला वाजवत होते ते तुझ्यासाठी नाही हां. तू न वाजवता येणार होतीस. विमलीसाठी वाजवत होते."

निलव्वानं तिचा हात धरला. हात हलका लागला, वाळलेल्या चळतीसारखा.

"मग एवढा उशीर का गं केलास?"

निलव्वा आयुष्यात खोटं बोलली नव्हती. त्याचा तिला माज होता. खरं बोलून तिनं दीर तोडला होता, दोन विहिणी तोडल्या होत्या, आणि कधी मागं वळून बघितलं नव्हतं.

"रागात होते," ती म्हणाली. "रोज चप्पल घालायची, तुझ्या गल्लीच्या तोंडापर्यंत यायची आणि माघारी फिरायची. घमेंड आडवी यायची. पण जीव नुसता तुटत होता, तुळसे. अन्न गोड लागत नव्हतं."

तुळसाच्या फुटलेल्या ओठांवर हसू आलं. "म्हटलंच मी. घमेंडच. मरशील एक दिवस त्या घमेंडीनं." आणि तिनं डोळे मिटले, समाधानानं, पोट भरल्यासारखे.

निलव्वाचं पहिलं खोटं किती सरळ बाहेर पडलं! कुठं अडखळलं नाही, आवाज चिरला नाही. आत अडायला काही नव्हतंच. ती बाकड्यावर बसली तेव्हा तिचा श्वास रोजच्यासारखा चालला होता, आणि तिला पहिल्यांदा स्वतःची भीती वाटली. तीही क्षणभरच. कानामागं कोमट झालं.

रविवारी तुळसा गेली.

सगळं नीट झालं. फुलं, गाडी, माणसं, मातीचं सामान, कशात काही उणं पडलं नाही. बायका रडल्या, पण वेळेवर रडल्या आणि वेळेवर थांबल्या. सोमवारी चार हजार भाकरी झाल्या. उखळापाशी दुसरी बाई बसली होती.

मंगळवारी निलव्वानं सगळ्यांना उभं केलं. आधी स्वतःच्या कानामागची पट्टी नखानं उचकटली आणि समोरच्या परातीत टाकली. ठिण्णकन आवाज झाला.

"काढा. सगळ्यांनी काढायच्या. मी लावायला सांगितल्या, मीच सांगते."

कुणी हललं नाही. मग कलावती पुढं आली.

"अव्वा, केंद्रात नको म्हणत असाल तर मी काम सोडते. पण हे काढणार नाही."

"अगं, तुझी पोर..."

"माझी पोर, अव्वा. तुमची नाही." ती हळू बोलत होती, पण डोळे निलव्वाच्या डोळ्यांत. "दोन वर्षं मी दर पावलाला दाराकडं बघायची. दारात कुत्रं आलं तरी उठायची. घरात दुसरं लेकरू हाय, त्याला दोन वर्षं माझा चेहरा दिसला नव्हता. आता मी त्याच्याशी बोलते. तुम्हाला परत टोचून घ्यायचंय तर घ्या. तुमचं एकच माणूस गेलं, आणि कुठं गेलं ते ठाऊक हाय. मला ते पण नाही."

निलव्वानं पट्टी पडलेली परात बाजूला सारली. मग म्हणाली, "थापा. पीठ वाळतंय."

वीस जणींनी ठेवल्या. समृद्धीनंही ठेवली.

समृद्धीनं कंपनीला फोन लावून दिला. कंपनीची बाई गोड बोलली. पेशींना स्वतःहून चमकायची सवय मोडलेली असते, ती हळूहळू परत लागते. तरुण लोकांमध्ये सहा ते आठ आठवडे. "साठीच्या पुढं?" निलव्वानं विचारलं. "त्या वयोगटाचा अभ्यास अजून झालेला नाही, मावशी."

निलव्वा वाट बघायला लागली. एसटीच्या थांब्यावर बसावं तशी बसायची, दुःख येईल म्हणून. तुळसाचा फोटो समोर ठेवला, तिचं लुगडं मांडीवर घेतलं. लुगडं म्हणजे लुगडं होतं. तिनं स्वतःला शिव्या घातल्या, त्याही कोरड्या. टोचणी नव्हती आणि आता यादीही नव्हती, त्यामुळे तिच्या हातून सगळंच सुटायला लागलं. तवा तापत ठेवून ती विसरायची. ज्वारी टाकायची राहून जायची. बायका काही न बोलता ते काम करून टाकायच्या, आणि निलव्वा विचारायची, "पीठ चाळलं का गं?" कुणी उत्तर द्यायचं नाही.

एकदा समृद्धी म्हणाली, "आत्या, परत लावून घ्या. तुम्हाला त्रास होतोय."

"होत नाही, हाच त्रास आहे."

नऊ आठवडे गेले. दहाव्यात एका सकाळी, अकराच्या सुमाराला, निलव्वा भाकरी थापत होती. मनात काही नव्हतं. भाकरी तळहाताएवढी झाली, ताटाएवढी झाली, आणि एकाएकी तिच्या छातीत सुई टोचल्यासारखं झालं. तिनं हात थांबवला. परत टोचलं. कानामागं काही नव्हतं, कोमट झालं नाही, टोचणी गेली नाही. वाढली.

तुळसाकडं जायला पाहिजे.

जास्त बोललो आपण. सगळ्यांसमोर बोललो. ती तशीच गेली, चहासुद्धा न पिता.

निलव्वा उठली. भाकरी काठवटीत तशीच राहिली.

"आत्या, कुठं?" समृद्धीनं विचारलं.

"आलेच. तुळसा रुसून बसलीय."

समृद्धीचा चेहरा बदलला, पण तोवर निलव्वा दाराबाहेर होती. पहिली गल्ली ती भराभर चालली. दुसऱ्या गल्लीच्या तोंडाशी टोचणी अशी झाली की तिला चालवेना, म्हणून ती पळाली. चौसष्ट वर्षांची बाई, कोपरापर्यंत पीठ, पदर कुठं नि पाय कुठं. लोक बघत होते. काय बोलायचं ते तिनं ठरवलं होतं: काहीच नाही. बसायचं आणि म्हणायचं, चहा टाक.

दाराला कुलूप होतं. बाहेरून.

तिनं कुलूप हातात धरलं. लोखंडाला पीठ लागलं. ती कुलपाकडं बघत राहिली, आणि मग जे दहा आठवडे आलं नव्हतं ते सगळं एकदम आलं: उंबऱ्यावरचा देह, आटलेलं आधण, दोन कप, तेवीस वेळा, आणि तुळसाचं ते हसू, खोट्यावर पोट भरलेलं. निलव्वानं तिथंच बसकण मारली. तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो तिचा तिलाच ओळखू आला नाही.

विमल धावत बाहेर आली. आधी घाबरली, मग तिचा चेहरा शांत झाला. ती वाकून म्हणाली, "अव्वा, असं नका करू. छातीचं काहीतरी व्हायचं. माझ्याकडं एक जास्तीची पट्टी हाय, नवीकोरी. आणू का? दोन मिनिटांत बरं वाटंल." आणि तिनं निलव्वाच्या कानामागचे केस बाजूला करायला हात पुढं केला.

निलव्वानं तो हात झिडकारला. पिठाचे पाचही वळ विमलच्या मनगटावर उमटले.

"खबरदार," ती रडता रडता ओरडली. "हात लावशील तर तोडून ठेवीन. माझं आहे ते."